दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटं

चाळीस वर्षं ज्याने कीर्तन ऐकलं त्याच्या तोंडून एक खरी गोष्ट बाहेर पडायला अकरा दिवस लागले, हे लिहिताना मला लाज वाटते. तरी लिहितो, कारण तोंडाने सांगून झालं आणि त्याने काही भागलं नाही.

मी शालिग्राम. बीबी या बाजारगावाहून आत चार किलोमीटरवर आमचं गाव. गावातल्या मारुती संस्थानचा मी सचिव. सचिव म्हणजे काय, तर चैत्रात सप्ता बसवायचा, महाराज मंडळींना फोन करायचे, विणेकऱ्यांच्या पहाऱ्याची यादी करायची, आणि कीर्तन उभं राहिलं की सगळं टाकून पहिल्या रांगेत जाऊन बसायचं. बायको म्हणायची, तुम्हाले घरी बोललेलं अर्धं ऐकू येते आन् महाराजाचं सगळं. खोटं नव्हतं. अडीच तासांच्या कीर्तनात मी मांडीसुद्धा बदलत नाही.

आमच्या सप्त्याचं शेवटचं, काल्याचं कीर्तन करतात किसन महाराज. ते रोहिणखेडकडचे. वय शहात्तर. आवाज आता बारीक झालाय, पण त्या बारीक आवाजात जी गोडी आहे ती तरुण गळ्यात मिळत नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन काल्याच्या कीर्तनात लाइन गेली आणि दीपकने जनरेटर सुरू केलं. दीपक म्हणजे आमचा मंडपवाला. माईक, भोंगे, जनरेटर, सगळं त्याचंच. त्या जनरेटरच्या घरघरीत महाराजांचं एकही चरण धड कानावर आलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं, पुढच्या वर्षी देवळावर सोलर बसवायचं. आवाज नाही, धूर नाही. संस्थानात बोललो, सगळे हो म्हणाले. दीपक तेवढा म्हणाला, जनरेटरच बरं.

काम दिलं संजीवनीला. संजीवनी आमच्या हरिओमची मुलगी. हरिओम माझा टाळकरी सोबती. वांगी, टोमॅटो, कोथिंबीर करतो आणि बीबीच्या बाजारात विकतो. पोरीने मेहकरला आयटीआय केलं, मग दोन वर्षं एका सोलर लावणाऱ्याकडे काम केलं, आणि आता तिला स्वतःचं काम उभं करायचं होतं. बीबीच्या स्टँडजवळ तिने एक गाळाही पाहून ठेवला होता. चाकणच्या एका कंपनीतून तिला बोलावणं होतं, पण ती म्हणायची, "काका, मले तिकडं नाई जायचं. आपल्याच भागात पाच-सहा देवळं केली ना, तरी माह्यं दुकान चालते."

फाल्गुनात तिने काम केलं. छतावर सहा पॅनल. भांड्यांच्या खोलीत भिंतीवर इन्व्हर्टर, आणि त्याच्या खाली बॅटरी. मला तो इन्व्हर्टर सभामंडपात, देवासमोर, लोकांना दिसेल असा लावायचा होता. ती ऐकेना.

"काका, त्याले मोकळी हवा लागते. दोन्ही बाजूनं हातभर जागा पायजे. मंडपात तुमी त्याले हार घालसान."

"हार घातला तर काय बिघडते?"

"त्याचा पंखा झाकला जाईन. देवाले घाला हार, त्याले नका घालू."

तरी बायांनी त्याला हळदकुंकू वाहिलंच. ती हसली आणि ओल्या फडक्याने नाही, कोरड्या फडक्याने ते पुसून टाकलं.

मग तिने दोन बोर्डांना लाल टेप लावली. एक मंडपात माईकच्या टेबलाशी, एक भांड्यांच्या खोलीत. म्हणाली, "लाइन गेल्यावर फक्त ह्या दोन बोर्डाले वीज राहीन. इथं माईक, गाभाऱ्यातला दिवा आन् महाराजाचा पंखा. बाकी काही लावायचं नाई. कोनती मोटर तर बिलकूलच नाई. काऊन नाई ते सांगते, बसा."

मला त्या वेळी पत्रिका छापायला जायचं होतं. मी म्हणालो, "संजीवनी, तुह्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

ती म्हणाली, "विश्वास नका ठेवू काका, ऐका."

मी हसत निघून गेलो. पोर किती जीव लावून काम करते, असं रस्त्यात एकदोघांना सांगितलंसुद्धा.

हनुमान जयंती झाली. दुसऱ्या दिवशी काला. त्या वर्षी जनरेटर आणलंच नव्हतं. संजीवनीने आसपासच्या चार गावांच्या संस्थानवाल्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनाही देवळावर सोलर करायचं होतं, आणि ते म्हणाले होते, आधी तुमच्याकडचं चालताना पाहू. ते चौघे-पाच जण पुढे बसले होते. हरिओम टाळकऱ्यांत उभा होता, आणि मान वळवून वळवून त्यांच्याकडे पाहत होता. मी त्याला खुणेने म्हटलं, अरे देवाकडे पाहा.

दहाला कीर्तन सुरू झालं. सवादहा-साडेदहाच्या दरम्यान लाइन गेली. मंडपातले कूलर थांबले, बाहेरच्या भोंग्याखाली बसलेली माणसं चुळबुळली. पण महाराजांचा आवाज? जरासुद्धा तुटला नाही. चरण चालू होतं ते चालूच राहिलं. ते पाहुणे एकमेकांकडे पाहून मान हलवायला लागले. बायकांच्या बाजूला बसलेली संजीवनी पदर तोंडाशी धरून हसत होती. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. इथंच मी बसून राहायला पाहिजे होतं.

पण विमलवहिनी दारातून हातवारे करायला लागल्या. विमलवहिनी माझ्या चुलतभावाच्या घरच्या. महाप्रसादाचं सगळं त्यांच्याकडे. कीर्तनातून मी कधी उठत नाही, त्या दिवशी उठलो.

देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कणीक मळायचं भाड्याचं मशीन बंद पडलं होतं. लाइनच नव्हती. पीठ भिजवून झालेलं, पंधराशे माणूस जेवणार, आणि बारा-पंधरा बाया घामाने निथळत हाताने मळायला बसलेल्या. त्यांतल्या दोघी-तिघी साठीच्या पुढच्या.

"भावजी, तिकडं मंडपात लाइट हाये ना? मंग आमच्या मशिनीलेच काऊन नाई? देव काय फक्त गडी मानसाइचाच हाये?"

बाया हसल्या. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. सूर्य डोक्यावर तापलेला, छतावर सहा पॅनल, आणि ह्या माउल्यांनी हात मोडून घ्यायचे? मी मशीनला एक लांब जोडवायर लावली, ती भांड्यांच्या खोलीच्या खिडकीतून आत टाकली आणि स्वतःच्या हाताने लाल टेपच्या बोर्डात पिन खोचली.

"दाबा वहिनी."

मशीन एकदा गुरगुरलं आणि थांबलं. भोंगे बंद. महाराजांचा आवाज गेला.

अर्ध्या मिनिटाने आवाज आपोआप परत आला. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. विमलवहिनी म्हणाल्या, "पीठ घट्ट हाये, थोडं काढते." त्यांनी परात भरून पीठ काढलं आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. ह्या वेळी मला कळलं की हे आपल्यामुळे होतंय. कळलं होतं, हे मी कबूल करतो. तरी वहिनी जेव्हा म्हणाल्या, "एकडाव शेवटचं पाहू, भावजी," तेव्हा मी नाही म्हणालो नाही. मला वाटलं, ह्या वेळी फिरेल. फिरलं की सगळ्यांचंच काम होईल.

तिसऱ्या वेळी इन्व्हर्टरचा लाल दिवा लागला, तो टुक् टुक् वाजायला लागला, आणि आवाज काही परत आला नाही.

मी खोलीत शिरलो, पिन उपटली, वायर खिडकीतून आत ओढून कोपरावर गुंडाळली आणि पिठाच्या रिकाम्या पोत्यांखाली सारली. का सारली? तेव्हा विचार केला नव्हता. हातांनी परस्पर केलं.

तेवढ्यात संजीवनी धावत आली. एका हातात मोबाइल. तिने इन्व्हर्टरच्या पडद्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, इथं काही लावलं होतं का कोनी?"

"नाही," मी म्हणालो.

तिने एकदा खिडकीकडे पाहिलं. पुन्हा विचारलं नाही. वळून तिने एकेक स्विच खाली केला आणि ठरावीक वेळ थांबून क्रमाने वर केला. बारा मिनिटांनी माईक सुरू झाला. पण बारा मिनिटांत कीर्तन मोडलं होतं. किसन महाराजांनी उघड्या गळ्याने ओढायचा प्रयत्न केला, त्यांना खोकल्याची उबळ आली. मागची माणसं उठून सावलीला गेली, बायका बोलायला लागल्या, लेकरं हंडीभोवती जमली. महाराजांनी चिंतन आवरतं घेतलं आणि हंडी फोडली. चार गावांचे पाहुणे जेवले, हात धुतले आणि निघाले. त्यांतला एक जण जाताना मला म्हणाला, "आमी दुसरं पाहतो मंग, भाऊ."

संध्याकाळी देवळातच बैठक बसली. दीपकच्या जिभेला तर उधाण आलं होतं.

"मी तं पयलेच म्हनत होतो. जनरेटर घरघर करते, पन दगा नाई देत. टमाटे तोडनारीच्या हाती मशीन देसान तं हेच होईन."

कोणी तरी हसलं. हरिओम खांबाशी बसला होता, मान खाली. संजीवनी बायकांच्या कट्ट्यावर उभी होती.

"काय झालं ते तरी सांग ना व बाई," दीपक तिला म्हणाला. "का तेही येत नाई?"

ती म्हणाली, "भार जास्त झाला. मशीन चांगलं हाये. आता चालूच हाये ना ते."

"भार काऊन जास्त झाला? माईक तं गेल्या साली तेवढाच होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत मान घातली. आणि मग मी जे बोललो ते न बोलण्यापेक्षाही वाईट होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या दीपक. लहान पोर आहे. पहिलंच काम. माणसाकडून चूक होते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शालिग्रामभाऊंचं मन मोठं, असं कोणीसं म्हणालं. संजीवनी कट्ट्यावरून उतरली आणि चपला घालून निघून गेली. तिच्यामागे हरिओम.

दोन दिवसांनी विमलवहिनींनीही विचारलं, "भावजी, त्या कनकेच्या मशिनीनंच तं नसंन झालं?" मी म्हणालो, "नाही वहिनी, त्याचा काही संबंध नाही." हे दुसरं खोटं. वहिनींनी ते खरं धरलं, शेडमधल्या बायांनीही.

मी रोज ठरवायचो की आज सांगू. सकाळी काकड्याला जाताना ठरवायचो, हरिपाठाला हरिओम टाळ घेऊन शेजारी उभा राहिला की मी पुढचा अभंग उचलायचो. तो रोजच्यासारखा रामराम घालायचा. टाळ मात्र पूर्वीसारखा मोकळा वाजत नव्हता त्याचा. शेगावला जाऊन समाधीपुढे डोकं टेकवून आलो, तिथंही रांगेतल्या माणसासारखा पुढे ढकलला गेलो. देवापुढे सांगणं सोपं होतं, म्हणून तिथं सांगितलं. ज्यांच्यापुढे सांगायचं होतं ते सगळे इथं, गावात.

अकराव्या दिवशी दुपारी संजीवनी घरी आली.

"काका, मी परवा चाकणले जाऊन राह्यली. चला, मशीन समजून घ्या. मी गेल्यावर कोनाले विचारसान?"

आम्ही देवळात गेलो. भांड्यांच्या खोलीत तिने मला खाली सतरंजीवर बसवलं, आणि ती स्वतः इन्व्हर्टरशेजारी उभी राहिली, एखाद्या कीर्तनकाराने गादीवर उभं राहावं तशी. मी मांडी बदलली नाही.

"छतावरच्या पॅनलवर ऊन पडलं की वीज तयार होते," ती म्हणाली. "पन ती एकाच दिशेनं वाहते. नदीसारखी. आपला पंखा, माईक, ह्याईले तशी वीज चालत नाई. त्याईले कशी पायजे? टाळकरी पावली कशी खेळतात?"

"पुढं, मागं. पुढं, मागं."

"हाव. तशी. एका सेकंदात पन्नास डाव पुढं आन् मागं. नदीचं पानी पावलीत नाचवायचं, एवढंच ह्या डब्याचं काम हाये. बाकी सगळं त्याच्यासाठीच."

मला हसू आलं. इतकं सोपं, इतकं गोड सांगत होती. फाल्गुनात ऐकलं असतं तर?

तिने खाली वायरी जिथं शिरतात तिथून सुरुवात केली. "पॅनलची वीज आधी ह्या डब्यात येते. इथं बंद करायचा खटका, आन् आभाळात वीज कडाडली तं तिचा झटका जमिनीत सोडणारा भाग. तिथून इन्व्हर्टरमधी. आत गेल्याबरोबर एक भाग असते, तो दिवसभर एकच शोधत राह्यते, ह्या घडीले पॅनलपासून सगळ्यात जास्त ताकद कुठं भेटते. ऊन बदललं की पुन्हा शोधते."

"म्हणजे महाराज पेटीवर सूर शोधतात तसं?"

"कसं?"

"फार वर धरला तर गळा फाटतो. फार खाली धरला तर आवाज मागं पोचत नाही. मधे एक जागा असते, तिथं आवाज सगळ्यात भरून निघतो. आणि दुपारी गळा तापला की ती जागा बदलते."

"बराबर!" ती खूश झाली. "अगदी तसंच. मंग ती वीज ह्या मधल्या भागात येते. इथं चार मोठी बटनं हायेत असं समजा. मानसानं दाबायची नाई, विजेनंच उघडझाप व्हनारी. दोन उघडली की वीज इकडून जाते, ती मिटून दुसरी दोन उघडली की उलटी जाते. सेकंदाले हजारो डाव उघडझाप. पन त्यानं जी वीज निघते ती तुकड्या-तुकड्याची असते. म्हनून पुढं हे तांब्याच्या तारेचं वेटोळं आन् हे डबीसारखं कपॅसिटर. ते तुकडे गोल करून देते. मंग बाहेर येते ती आपल्या लाइनीसारखी गुळगुळीत."

"आणि हे मागं कंगव्यासारखं?"

"ॲल्युमिनिअमच्या पाती. बटनं तापतात ना, त्याईची गरमी ह्या पात्या घेतात आन् पंखा ती बाहेर फेकते. म्हनून हार नको म्हनत होती मी."

मग तिने बॅटरी दाखवली. लाइन असली की इन्व्हर्टर लाइनीच्या तालावरच चालतो, आधी तिचा ठेका ऐकतो आणि मगच आपला टाळ टाकतो. लाइन गेली की सगळ्यात आधी तो खांबाकडची वाट बंद करतो, कारण वर खांबावर एखादा लाइनमन चढलेला असला तर आपल्या देवळाची वीज त्याचा जीव घेईल. मग फक्त लाल टेपचे दोन बोर्ड तो सांभाळतो. हे सांगून तिने लाल टेपवर बोट ठेवलं.

"आन् मोटर काऊन नाई लावायची, ते आता सांगते. मोटर जाग्यावरून उठताना पाच-सहा पट वीज मांगते. कनीक घट्ट असली तं अजून जास्त. एकदा फिरली की मंग गरीब होते. लाइनीले ते झेपते, लाइन लय मोठी हाये. ह्याले नाई झेपत. हे बटनं एका पलकीत जळून जातात. म्हनून ह्याच्यात जो डोक्याचा भाग हाये, तो आधीच सगळं बंद करते. थोडं थांबून एकडाव पाहते. दुसऱ्या डाव पाहते. तिसऱ्या डाव झालं तं म्हनते, आता कोनी मानूस आल्याशिवाय मी सुरू होत नाई. ते बिघडत नाई काका. ते सोताले वाचवते."

तिने 'कणीक' म्हटलं होतं. मोटारींची उदाहरणं तर अनेक असतात, असं मी अजूनही मनाला सांगत होतो.

"आन् हे शेवटचं," ती म्हणाली. "हे तुमाले वाचता आलं पायजे." तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "हे मशीन सगळं लिहून ठेवते. कधी काय झालं, किती वाजता, कोनत्या बाजूनं किती भार आला. कोनी सांगो का ना सांगो."

तारीख काल्याची होती. तीन ओळी. दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटं, भार जास्त. दहा वाजून पन्नास मिनिटं, भार जास्त. दहा वाजून त्रेपन्न मिनिटं, भार जास्त, बंद. आणि प्रत्येक ओळीपुढे वॅटचा आकडा, माईक आणि पंख्याच्या किती तरी पट.

मी तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या. तिने हळूच मोबाइल परत घेतला.

"तुले त्या दिवशीच माहीत होतं?"

"हाव. हे पाहूनच तं तुमाले विचारलं होतं. खिडकीच्या गजाले कनीक लागली होती."

"मग बैठकीत का नाही दाखवलं? सगळ्यांपुढं दीपक एवढं बोलला तुला..."

तिने खालच्या बॅटरीच्या झाकणावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाली, "दाखवलं असतं तं तुमी सगळ्याइच्या समोर खोटे पडले असते. बाबा म्हनाले, त्याईच्या बाजूले उभा राहून मी वीस वर्सं टाळ वाजवला, ते सोताहून सांगतीन. मलेही वाटलं सांगतीन. रोज बाबा हरिपाठावरून आले की मी विचारो. बोलले का? बाबा म्हनत, आज नाई, उद्या बोलतीन."

मला आठवतं, देवळाबाहेर पारावर चिमण्या फार ओरडत होत्या. मी हात जोडले. ती एकदम मागे सरली. "नका ना काका. मोठ्या मानसानं हात नाई जोडायचे."

"मी आज सांगतो. आत्ता सगळ्यांना गोळा करतो. तू जाऊ नको."

"सांगा," ती म्हणाली. "पन मी तिकडं हो म्हनली आता. गाळा पन दुसऱ्यानं घेतला."

त्याच संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं. पिन मी खोचली, वायर मी लपवली, पोरीने विचारलं तेव्हा नाही म्हणालो, वहिनींना खोटं सांगितलं, बैठकीत तिला माफ केल्याचं सोंग केलं. काही झाकून ठेवलं नाही. मला वाटलं होतं, लोक तोंडावर थुंकतील. मी त्याची तयारी करून आलो होतो.

झालं उलटंच. "जाऊ द्या भाऊ," एक जण म्हणाला. "बाया-मानसाइची दया आली म्हनून केलं तुमी." दुसरा म्हणाला, "देवाच्याच कामात झालं ना." विमलवहिनी दारातून म्हणाल्या, "चूक माहीच हाये, मीच पुन्हा पुन्हा बटन दाबलं." आणि दीपक, जो तिला इतकं बोलला होता, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सच्चा मानूस हाये शालिग्रामभाऊ. कोन कबूल करते आजकाल?"

मला एका मिनिटात माफी मिळाली. न केलेल्या चुकीची तिला अकरा दिवस मिळाली नव्हती. त्या एका मिनिटात मला कळलं की मी तिच्याकडून काय घेतलं होतं. माझा शब्द गावात चालतो; तो तिच्या बाजूने एकदाच, वेळेवर खर्चायचा होता.

हरिओम सगळं ऐकत उभा होता. त्याने टाळ पिशवीत घातले, देवाला नमस्कार केला, मलाही केला, आणि गेला. तो आता शेजारच्या वाडीच्या हरिपाठाला जातो. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. चहा झाला, वांग्याच्या भावावर बोलला, पाऊसपाण्यावर बोलला. माझ्यावर राग आहे का विचारलं तर म्हणाला, "राग कशाचा, भाऊ? पोरगी गेली, घर सुनं लागते, एवढंच."

वैशाखात मी एकेक करून त्या चारी गावांना गेलो. एसटीने, मग पायी. प्रत्येक देवळात बसून सगळी गोष्ट सांगितली. तिघांनी काम आधीच दुसऱ्याला दिलेलं होतं. त्यांनी मला पाणी दिलं, प्रसाद दिला. चौथ्या गावचे अध्यक्ष बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "मंग तिलेच बोलवा ना. नंबर द्या."

मी तिथूनच फोन लावला. मागे यंत्रांचा मोठा आवाज येत होता, तिला मोठ्याने बोलावं लागत होतं.

"काका, वर्षाचं लिहून दिलं मी इथं. मधी नाई सोडता येत."

"आणि वर्षानंतर?"

"पाहू." मग म्हणाली, "त्याईले म्हना, आधी देवळात काय काय चालते त्याची यादी करा. पान्याची मोटर किती एचपीची हाये, पीठगिरणी हाये का, कूलर किती. तुमीच करा यादी. मले पाठवा."

मी दिवसभर त्या देवळात फिरून यादी केली. प्रत्येक मोटारीवरची पाटी पुसून आकडे उतरवले. तिने दुसऱ्या दिवशी ती तपासून पाठवली, कोणतं कुठं जोडायचं आणि कोणतं मुळीच नाही, सगळं लिहून. शेवटी एक ओळ होती, लाल टेप विसरू नका.

त्या गावात आता सोलर चालू आहे. लावलं चिखलीकडच्या एका माणसाने. काल्याला लाइन गेली तरी कीर्तन तुटलं नाही, असं तिथले लोक कौतुकाने सांगतात. यादी संजीवनीची होती हे मी तिथं भेटेल त्याला सांगतो. लोक बरं म्हणतात, चपला काढतात आणि दर्शनाला आत जातात.